आडव्यातिडव्या जुन्या घराची विक्री: आधी हिस्से, मग नकाशा, मग दलाल

आपल्या मोहल्ल्यांतली जुनी घरे एका वेळी, एका नकाशावर बांधलेली नसतात. दादाने दोन खोल्या आणि आंगन बांधले. मोठ्या मुलाच्या निकाहाच्या वेळी आंगनात एक भिंत आली. धाकट्यासाठी वर पत्र्याची खोली चढली. रस्त्याकडच्या बैठकीचे दुकान झाले. पन्नास-साठ वर्षांनी असे घर तयार होते, की वर जायचा जिना चाचांच्या स्वयंपाकघराजवळून निघतो, न्हाणीघर आंगनाच्या पलीकडे असते आणि मागच्या दोन खोल्यांना एकही खिडकी नसते. राहणाऱ्यांना त्याची सवय असते. पण घर विकायला काढले की ग्राहक दारातूनच मागे फिरतो आणि दलाल सांगतो, "घराचं काही येणार नाही, फक्त जागेचा भाव धरा."

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवतो. त्यामुळे जुनी उर्दू खरेदीखते वाचून घ्यायला मोहल्ल्यातली माणसे आमच्याकडे येतात. त्यांची प्रकरणे पाहून एक गोष्ट ठळकपणे दिसते. अशा घराच्या विक्रीत नुकसान बांधणीमुळे थोडे होते, कामाचा क्रम उलटा लावल्यामुळे जास्त होते. आधी दलाल येतो, मग इसार घेतला जातो आणि सगळ्यात शेवटी बहिणींना सही करायला बोलावले जाते. तिथे सौदा अडकतो, घरात भांडण लागते, आणि घाईत भाव पाडावा लागतो. क्रम कसा असावा, तो येथे सविस्तर देत आहोत.

कोणती घरे अवघड समजली जातात

औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), परभणी, नांदेड, बीड, जालना या भागांत ड्योढी आणि आंगन असलेली, मर्दाना-जनाना वेगळा असलेली जुनी घरे आहेत. मालेगाव आणि भिवंडीत खाली लूम आणि वर राहणे अशी बांधणी दिसते. कोकणात ओटी, पडवी, माजघर आणि मागे परसू अशी लांबट घरे असतात. मुंबईत एका खोलीला पोटमाळा काढून दोन कुटुंबे राहतात. यांपैकी कोणतेही घर "दोन बेडरूम, हॉल, किचन" या साच्यात बसत नाही.

ग्राहकाच्या अडचणी मात्र ठरलेल्या असतात. वाट दुसऱ्याच्या ताब्यातून जाते, बोळात गाडी येत नाही, उजेड नाही, कागदावरचे क्षेत्र आणि प्रत्यक्ष जागा जुळत नाही, वरच्या मजल्याला परवानगी नाही, किंवा समोरच्या दुकानात भाडेकरू आहे. आपल्या घराला यांतले काय काय लागू आहे, ते आधी कागदावर लिहून काढावे. ग्राहक पहिल्या भेटीत हेच विचारणार असतो.

पहिली पायरी: मालक कोण, हिस्से किती

घर वालिदच्या नावावर आहे आणि ते मरहूम झाले आहेत, असे समजू. मुस्लिम कायद्यात जन्माने मिळणारा एकत्र कुटुंबाचा हक्क नाही. हक्क मालकाच्या वफातनंतर निर्माण होतो आणि त्याच क्षणी प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरतो. वाटपाआधी कफन-दफनचा खर्च, कर्ज आणि बायकोची न दिलेली महर तर्क्यातून वजा होते. वसीयत असेल तर ती उरलेल्या तर्क्याच्या एक तृतीयांशापर्यंतच चालते, आणि इतर वारसांच्या संमतीशिवाय एखाद्या वारसाच्या नावे चालत नाही.

एक हिशोब पाहू. मरहूमचे आईवडील आधीच वारलेले आहेत. मागे बायको, दोन मुलगे आणि तीन मुली आहेत. बायकोचा हिस्सा एक अष्टमांश. उरलेल्या सात अष्टमांशात मुलाला मुलीच्या दुप्पट. म्हणजे घराचे आठ भाग केले तर अम्मीचा 1, प्रत्येक मुलीचा 1 आणि प्रत्येक मुलाचे 2. घर 56 लाखांना गेले तर अम्मीला 7 लाख, तिन्ही बहिणींना प्रत्येकी 7 लाख आणि दोन्ही भावांना प्रत्येकी 14 लाख. आपल्या घरात नाती वेगळी असतील, कुणाचे आईवडील हयात असतील, तर हिशोब बदलतो. शिया फिकहमध्येही काही फरक आहेत. त्यामुळे फरायज जाणणाऱ्या आलिमकडून हिस्से लेखी काढून घ्यावेत आणि तो कागद वकिलाला दाखवावा.

येथे चार ठिकाणी घरे अडतात.

एक, बहिणींची नावे. मालमत्ता पत्रकावर फक्त भावांची नावे लागली म्हणून बहिणीचा हिस्सा संपत नाही. तिच्या लग्नात खर्च झाला, जहेज दिले, यानेही संपत नाही. तिला स्वखुशीने हिस्सा सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. वालिद हयात असताना तिच्याकडून लिहून घेतलेला हक्कसोड साधारणपणे टिकत नाही, कारण तेव्हा हक्कच निर्माण झालेला नसतो. ग्राहकाचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो: "मुली किती? त्यांच्या सह्या कुठे?"

दोन, नाबालिग वारस. एखादा भाऊ वालिदनंतर वारला आणि त्याची मुले लहान आहेत, तर त्या मुलांचा हिस्सा विकण्याचा अधिकार त्यांच्या आईला किंवा चाचाला आपोआप मिळत नाही. मुस्लिम कायद्यात मिळकतीचा वली आधी बाप, मग त्याने नेमलेला माणूस, मग दादा. यांपैकी कुणी नसेल तर पालक व पाल्य कायदा, 1890 प्रमाणे जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते. ती न घेता केलेला व्यवहार मुले मोठी झाल्यावर उलटू शकतो. हे प्रकरण वेळ खाते, म्हणून सगळ्यात आधी हातात घ्यावे.

तीन, यतीम नातवंडे. वालिदच्या हयातीतच एखादा मुलगा वारला असेल, तर दुसरा मुलगा हयात असताना त्याच्या मुलांना दादाच्या तर्क्यात वारसा मिळत नाही. पण ती मुले आणि त्यांची आई त्याच घरातल्या एका खोलीत राहत असतात. दादाने हयातीत त्यांच्यासाठी वसीयत केली असेल तर ती एक तृतीयांशाच्या मर्यादेत चालते. नसेल केली, तर चाचा-फुफींनी आपापल्या हिश्श्यातून काय द्यायचे ते ठरवावे. विक्रीनंतर ही माणसे कुठे राहतील, याचा निर्णय जाहिरातीआधी झाला पाहिजे. ग्राहक आल्यावर त्यांना खोली रिकामी करायला सांगणे योग्य नाही, आणि त्यातून सौदाही मोडतो.

चार, तोंडी हिबा. "अब्बांनी वरची खोली मला दिली होती," असे अनेक घरांत ऐकू येते. मुस्लिम कायद्यात देणे, स्वीकारणे आणि ताबा या तीन गोष्टी झाल्या तर तोंडी हिबाही वैध आहे. पण ग्राहकाला आणि बँकेला कागद लागतो. अशा हिब्याला सगळे वारस मान्यता देत असतील, तर त्यांनी खरेदीखतावर मान्यता देणारे म्हणून सही करावी. मान्यता नसेल तर आधी आपसात तडजोड करावी.

दुसरी पायरी: कागद गोळा करणे

शहरात मालमत्ता पत्रक नगर भूमापन कार्यालयाचे असते. गावठाणात बरेच दिवस फक्त ग्रामपंचायतीचा नमुना 8 होता. 2020 साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून आता गावठाणातही मालमत्ता पत्रके मिळत आहेत. घरपट्टीची पावती आणि नमुना 8 हे कराचे कागद आहेत, त्यांच्या जोरावर मालकी सिद्ध होत नाही. मूळ आधार म्हणजे खरेदीखत, वाटणीपत्र, हिबानामा किंवा न्यायालयाचा निकाल. वारसांची नोंद मालमत्ता पत्रकावर आणि पालिकेच्या कर विभागात अशी दोन्हीकडे वेगवेगळी करावी लागते.

मराठवाड्यात निजामाच्या काळातले दस्त उर्दूत आहेत. त्यांतले वर्ष फसली असते. त्यात 590 मिळवले की इसवी सन अंदाजे मिळतो. उदाहरणार्थ, फसली 1350 म्हणजे 1940-41. पश्चिम महाराष्ट्रात जुने कागद मोडी लिपीत सापडतात. शेजारच्या उस्तादांकडून वाचून घेणे समजण्यापुरते ठीक आहे. व्यवहारासाठी मात्र अधिकृत भाषांतरकाराकडून मराठी भाषांतर करून घ्यावे. जुन्या दस्तातल्या चतुःसीमा, म्हणजे पूर्वेला कुणाचे घर, पश्चिमेला कुठली गल्ली, या ओळी फार महत्त्वाच्या आहेत. वाटेचा हक्क पुष्कळदा त्यांतच लिहिलेला असतो.

जागा वक्फच्या नोंदीत नाही ना, हेही पाहावे. मराठवाड्यात मशीद, दर्गा, कब्रस्तान यांच्या आजूबाजूच्या जागांच्या बाबतीत हे हटकून तपासावे. वक्फ मिळकत विकता येत नाही, आणि तिचे खरेदीखत झाले तरी ग्राहकाला मालकी मिळत नाही.

वकिलाकडून 30 वर्षांचा शोध अहवाल, म्हणजे सर्च रिपोर्ट, आपणच आधी काढून ठेवावा. ग्राहक तो काढणारच आहे. दोष असेल तर आपल्याला आधी कळलेला बरा. लेआऊट मंजूर नसलेल्या वस्तीतले घर असेल, तर 2001 च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित झाले आहे का, होऊ शकते का, हे महापालिकेत विचारावे.

तिसरी पायरी: मोजणी आणि नकाशा

अवघड घराच्या विक्रीत सर्वात कमी खर्चाचे आणि सर्वात उपयोगी काम म्हणजे नकाशा. स्थापत्य डिप्लोमा झालेल्या अभियंत्याकडून प्रत्येक मजल्याचा मोजमापासह नकाशा काढून घ्यावा. त्यावर पुढील गोष्टी दाखवाव्यात:

- प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी, दारे, खिडक्या, छताचा प्रकार
- जिना कुठून निघतो, कुठे उतरतो
- रस्त्यापासून दारापर्यंतच्या बोळाची रुंदी
- सामाईक भिंती, सामाईक विहीर, सांडपाण्याची नाली कुठून जाते
- प्रत्येक भाग सध्या कुणाच्या ताब्यात आहे
- लाईटचे मीटर आणि नळाच्या जोडण्या किती, कुणाच्या नावे

मालमत्ता पत्रकावर क्षेत्र चौरस मीटरमध्ये असते. एक चौरस मीटर म्हणजे 10.764 चौरस फूट. पत्रकावर 90 चौरस मीटर असेल तर ती जागा सुमारे 969 चौरस फूट झाली. प्रत्यक्ष मोजणीत फरक आला तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी करून घ्यावी.

घराचा एकच भाग विकायचा असेल तर वाटेचा प्रश्न मोठा होतो. मागच्या भागाला दुसरी वाट नसेल तर भारतीय सुविधाधिकार कायदा, 1882 गरजेच्या वाटेचा हक्क मान्य करतो. वीस वर्षे उघडपणे, अखंड आणि हक्काने वापरलेल्या वाटेवरही हक्क सांगता येतो. पण हे हक्क न्यायालयात सिद्ध करत बसण्यापेक्षा खरेदीखतातच "पश्चिमेकडून 4 फूट रुंदीची वाट, कायमची" असे लिहावे आणि नकाशा दस्ताला जोडावा. पाणी, सांडपाणी आणि भिंतीची दुरुस्ती यांच्याबद्दलही असेच स्पष्ट लिहावे.

या टप्प्यावर भिंती पाडून "हॉल मोठा करू" असा मोह होतो. जुन्या दगड-चुन्याच्या घरात कोणती भिंत भार घेते, ते वरून कळत नाही. तो खर्च भावात परत येईल याची खात्रीही नसते. त्याऐवजी गळती थांबवावी, चुना मारावा, अंधाऱ्या खोलीत चांगले दिवे लावावेत, अडगळ काढावी. जमले तर दोन्ही भागांचे मीटर वेगळे करावेत.

हे घर कुणाच्या कामाचे आहे

चौकोनी फ्लॅटला शंभर ग्राहक असतात, अशा घराला पाच. ते पाच कोण, याचा विचार आधी आपण करावा, मग दलालाला सांगावा.

पहिला ग्राहक बहुधा भिंतीपलीकडेच असतो. शेजाऱ्याला आपली मधली खोली जोडून घेता येते, त्याला बोळाची अडचण नसते. फिकहमध्ये शुफा म्हणून जो हक्क सांगितला आहे, त्यात आधी सहहिस्सेदार, मग वाट-पाण्याचा भागीदार, मग शेजारी असा क्रम आहे. शेजारीपणावर आधारलेला शुफा सर्वोच्च न्यायालयाने 1960 च्या दशकात घटनाबाह्य ठरवला. त्यामुळे शेजाऱ्याला आधी विचारणे हे कायद्याचे बंधन राहिलेले नाही. तरी ते रीतीचेही आहे आणि फायद्याचेही. घरातल्याच भावाला किंवा बहिणीला इतरांचे हिस्से घ्यायचे असतील, तर त्यांना भाव आणि मुदत लेखी द्यावी. एखाद्या हिस्सेदाराने आपला अविभक्त हिस्सा बाहेरच्या माणसाला विकला आणि त्या माणसाने वाटणीचा दावा लावला, तर वाटणी कायदा, 1893 प्रमाणे घरातले हिस्सेदार तो हिस्सा योग्य किमतीला मागू शकतात. घरातल्या घरात भाव ठरत असेल तर एवढा लांबचा रस्ता टळतो.

दुसरा ग्राहक दोन भावांचे कुटुंब. ज्या दोन चुली आणि दोन दारे फ्लॅटवाल्याला नको असतात, ती त्यांना हवी असतात. तिसरा, खाली व्यवसाय आणि वर राहणे हवे असलेला: शिवणकाम, दवाखाना, शिकवणी वर्ग, गोदाम. चौथा, एखादी शिक्षणसंस्था. पाचवा बिल्डर. तो घर पाहत नाही, जागा पाहतो. त्यामुळे त्याच्याकडून फक्त जागेचा भाव येतो. बहुतेक दलाल सर्वात आधी त्यालाच आणतात, कारण तो सौदा लवकर होतो.

एक व्यवहारी अडचण लक्षात ठेवावी. मंजूर नकाशा नसलेल्या घरावर बँका सहसा कर्ज देत नाहीत. म्हणून कर्ज न घेता खरेदी करणारा ग्राहकच धरून चालावे, आणि भाव व मुदत त्याप्रमाणे ठेवावी.

किंमत कशी ठरवावी

तीन आकडे समोर ठेवावेत. पहिला, शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातला, म्हणजे रेडी रेकनरचा दर. मुद्रांक शुल्क या दराने येणारे मूल्य किंवा सौद्याची रक्कम, यांपैकी जे जास्त त्यावर लागते. दुसरा, आपल्याच मोहल्ल्यात गेल्या दोन-तीन वर्षांत नोंदवलेले व्यवहार. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक 2 शोधता येतो. तिसरा, नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल. तो पुढे कराच्या हिशोबातही कामाला येतो. हे तीन आकडे हातात असले की "फक्त जागेचा भाव" म्हणणाऱ्याला उत्तर देता येते.

दलाल कसा निवडावा

किमान तिघांना बोलवावे. जो सर्वात मोठा आकडा सांगतो त्यालाच काम द्यायचे, असे करू नये. घर हातात घेण्यासाठी मोठा आकडा सांगायचा आणि दोन महिन्यांनी "मार्केट डाऊन आहे" म्हणत खाली आणायचा, ही जुनी युक्ती आहे. त्याऐवजी हे प्रश्न विचारावेत:

- गेल्या वर्षभरात जुन्या वस्तीतली, बोळातली किती घरे विकली? त्यांतल्या दोन मालकांशी बोलता येईल का?
- हे घर तुम्ही कुणाला दाखवाल आणि का?
- घराची कमतरता ग्राहकाला कशी सांगाल?
- तुम्ही स्वतः किंवा तुमचे भागीदार खरेदी करणार आहात का? ग्राहकाकडूनही दलाली घेणार का?

दलाल स्वतः काय विचारतो, तेही बघावे. ज्याने नकाशा मागितला, वारस किती विचारले, जिना चढून वर गेला, बोळाची रुंदी पावलांनी मोजली, त्याला हे काम कळते. जो आंगनात उभा राहूनच भाव सांगतो, त्याला फक्त जागा दिसली आहे.

महारेराबद्दल गैरसमज आहे. स्थावर संपदा कायदा, 2016 प्रमाणे नोंदणीकृत प्रकल्पांतली घरे विकणाऱ्या एजंटला नोंदणी सक्तीची आहे. जुने वडिलोपार्जित घर विकून देणाऱ्याला ती सक्ती नाही. तरीही नोंदणी असलेला एजंट बरा, कारण महाराष्ट्रात त्यासाठी आता प्रशिक्षण आणि परीक्षा आहे आणि त्याचे नाव महारेराच्या संकेतस्थळावर तपासता येते. पण आपल्या घराच्या व्यवहारात वाद झाला तर महारेरा मदतीला येईल असे धरू नये. म्हणून लेखी करार हवा.

दलाल नात्यातला असेल तर करार आणखी जरुरीचा. "अरे, मामूच आहेत ना," म्हणून तोंडी ठेवलेल्या व्यवहाराने नाते आणि पैसा दोन्ही जातात. सर्व वारसांची त्या नावाला संमती असावी, बहिणींचीसुद्धा.

करारात काय लिहावे

- दलालीची टक्केवारी. जुन्या घरांच्या विक्रीत साधारण 1 ते 2 टक्के घेतले जातात. 56 लाखांवर 1 टक्का म्हणजे 56,000 रुपये.
- दलाली केव्हा द्यायची. खरेदीखत नोंदवून पूर्ण पैसे मिळाल्यावर द्यावी, इसाराच्या दिवशी नाही.
- मुदत. तीन महिने पुरे, पुढे वाढवता येते.
- काम एकालाच दिले आहे की अनेकांना, आणि घरच्यांनी स्वतः ग्राहक आणला तर काय.
- जाहिरातीचा खर्च कुणाचा.
- प्रत्येक ग्राहकाचा देकार, कमी असला तरी, सर्व वारसांना कळवायचा.

"आम्हाला इतके द्या, वरचे तुमचे" असा सौदा करू नये. त्यात खरा भाव कितीला गेला ते वारसांना कळतच नाही, आणि भावाने वरची रक्कम ठेवली असा संशय आयुष्यभर राहतो. दलालाच्या नावे मुखत्यारपत्र देऊ नये, मूळ कागद देऊ नयेत, झेरॉक्स द्यावी. इसाराची रक्कम त्याच्या खात्यात जाऊ देऊ नये.

जाहिरात आणि घर दाखवणे

घराची अडचण लपवली तर ग्राहक येतो, बघतो आणि जातो. दहा माणसे अशी गेली की घराचे नाव खराब होते. खरेदी-विक्रीत ऐब सांगून विकावे, ही आपल्या दीनची शिकवण आहे. ऐब सांगितल्यावर उगाच बघायला येणाऱ्यांची गर्दीही कमी होते. जाहिरात अशी लिहिता येईल:

"जुने दुमजली दगडी घर, मालमत्ता पत्रकाप्रमाणे 90 चौ.मी. खाली चार खोल्या व आंगन, वर तीन खोल्या, जिना आंगनातून. समोर एक दुकान, रिकामे. प्रवेश 5 फूट बोळातून, चारचाकी दारापर्यंत येत नाही. दोन लाईट मीटर, एक नळ. वारस नोंद पूर्ण. दोन कुटुंबांना किंवा खाली व्यवसाय करणाऱ्यास सोयीचे. पाहण्याची वेळ अस्र ते मगरिब."

पाहण्याची वेळ ठरलेली असली की घरातल्या स्त्रियांची आणि पर्द्याची अडचण होत नाही. आधी न कळवता कुणालाही आणू नये, हे दलालाला स्पष्ट सांगावे. फोटोत माणसे, दागिने, मुलांची नावे असलेली पाटी येऊ देऊ नये. ग्राहकाला नकाशाची प्रत हातात देऊन घर फिरवावे. नकाशा हातात असला की वळणे समजतात आणि तो घरी जाऊन बायकोला, भावाला समजावू शकतो.

समोरच्या दुकानात भाडेकरू असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे त्याला संरक्षण असू शकते आणि मालक बदलल्याने ते संपत नाही.

इसारापासून खरेदीखतापर्यंत

इसार, म्हणजे आपण ज्याला बयाना म्हणतो, सर्व वारसांच्या किंवा त्यांच्या अधिकृत मुखत्यारांच्या सह्यांनीच घ्यावा. एका भावाने सर्वांच्या वतीने घेऊ नये. रक्कम बँकेतून घ्यावी. मिळकतीच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेतल्यास घेणाऱ्यावर तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. साठेखतात मुदत, हप्ते, मुदत चुकली तर काय, हे लिहावे. पूर्ण पैसे येण्याआधी ताबा देऊ नये.

एखादा भाऊ सौदी अरेबियात किंवा दुबईत असेल तर त्याने मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवावे. ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. हे काम ग्राहक मिळण्याआधीच उरकलेले बरे.

मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी साधारणपणे ग्राहक भरतो. नोंदणी फी 1 टक्का, जास्तीत जास्त 30,000 रुपये आहे.

पैसे आणि कर

ग्राहकाला सांगून प्रत्येक वारसाच्या हिश्श्याचा वेगळा धनादेश किंवा बँक ट्रान्सफर घ्यावा. वरच्या उदाहरणात एकूण सहा रकमा होतील, आणि खरेदीखतात सहाही लिहिल्या जातील. सगळे पैसे मोठ्या भावाच्या खात्यात आणि मग "बघू, देतो" असे झाले, तर बहिणीला मागायला संकोच वाटतो. तिचे बँक खाते आणि पॅन आधीच तयार ठेवावे.

सौदा 50 लाख किंवा जास्त असेल तर ग्राहक 1 टक्का टीडीएस कापतो. 56 लाखांवर 56,000 रुपये होतात, आणि ते प्रत्येकाच्या हिश्श्याप्रमाणे प्रत्येकाच्या पॅनवर जमा झाले पाहिजेत. अनिवासी भावाच्या हिश्श्यावर याहून बराच जास्त टीडीएस कापला जातो. तो कमी करण्यासाठी आयकर विभागाकडून आधी प्रमाणपत्र घेता येते.

भांडवली नफ्यावरचा कर प्रत्येक वारसाचा वेगळा मोजतात. मिळकत 1 एप्रिल 2001 च्या आधीची असेल तर त्या तारखेचे बाजारमूल्य खर्च म्हणून धरता येते. 23 जुलै 2024 पासून दर 12.5 टक्के आहे. त्याआधी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांक लावून 20 टक्क्यांनी हिशोब करता येतो, आणि दोन्हींपैकी कमी येईल तेवढाच कर भरावा लागतो. विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरे घर घेतले किंवा तीन वर्षांत बांधले, तर अटींप्रमाणे सवलत मिळते. चार्टर्ड अकाउंटंटकडे खरेदीखताच्या आधी जावे, नंतर गेल्यास पर्याय कमी उरतात.

विक्रीच्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात अम्मी आणि बहिणींना फक्त अंगठा आणि फोटोसाठी बोलावले जाते. त्याआधी एका संध्याकाळी घरीच सगळ्यांना बसवून खरेदीखताचा मसुदा मोठ्याने वाचून दाखवावा: घर किती रुपयांना गेले, दलाली किती, कर किती, कुणाच्या खात्यात किती. कुणाला मराठी नीट समजत नसेल तर उर्दूत सांगावे. नातवंडांपैकी एखादी शिकलेली मुलगी हे काम उत्तम करते. तिच्या हातात हिश्श्यांचा कागद आणि कॅल्क्युलेटर द्यावा आणि सहाही आकडे पडताळून घ्यावेत.